डोंग्याखालचे गोटे

माझ्या लग्नाला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. पोळ्याला माहेरी आले, ती दसरा उलटेपर्यंत तिथंच राहिले. मग सासरचा लवकर पिकणारा हलका धान कापणीला आला आणि मला न्यायला माणूस आला. घरधन्याला हिवताप चढला होता, म्हणून भासरे आले, म्हणजे त्यांचे मोठे भाऊ. माहेर वैनगंगेच्या वरच्या अंगाला आणि सासर खालच्या. त्या काळी आमच्या चांदा जिल्ह्यात दिवाळीपर्यंत रस्त्यात गाडीचं चाक रुतायचं. जाणंयेणं डोंग्यानंच. एका मोठ्या झाडाचं खोड कोरून केलेली ती नाव, दोन माणसं आडवी झाली की भरली.

भासऱ्यापुढे सुनेनं बोलायचं नाही, तोंड दाखवायचं नाही, सावलीसुद्धा पडू द्यायची नाही, अशी आमच्यात रीत. चुकून धक्का लागला तर त्यानं अंगावरच्या धोतरासकट आंघोळ करायची. असं असताना दोघांनी एका डोंग्यात दीड दिवस कसं काढायचं? म्हणून भासऱ्यांनी आपली धाकटी मुलगी बरोबर आणली होती. मी तिला सांगायचं, तिनं बापाला सांगायचं. मी एका टोकाला पदर ओढून बसले, ते दुसऱ्या टोकाला बांबू घेऊन उभे, आणि मधे ती.

"काकू, बाबा म्हणते, भूक लागली काय?"

"म्हण, नाई."

"बाबा, काकू नाई म्हणते. पण तिचं पोट गुरगुर करून राह्यलं."

भासरे पाण्याकडे तोंड करून हसले. मी पदर आणखी खाली ओढला. थोड्या वेळानं पोरगी वैतागली.

"तुमी दोघं एकाच डोंग्यात बसले, तं एकमेकाले सांगत काऊन नाई? मी का डाकवाला आहो?"

"चूप. डाकवाल्याले पगार भेटते. तुले मुरमुरे भेटते."

"कुठी भेटले?"

मग त्यांनी धोतराच्या सोग्यातले मुरमुरे काढून दिले आणि डाक पुन्हा सुरू झाली.

दुपारनंतर एक खडकाळ उतार लागला. पाणी घोट्याएवढं, तळाला गोल गोटे. आम्ही दोघी खाली उतरलो आणि भासऱ्यांनी डोंगा ओढून नेला. त्याच्या पोटाखाली गोटे एकमेकांवर आपटत होते. पोरीला तो आवाज फार आवडला. ती पायानं गोटे लोटत, खळखळ वाजवत चालली.

दिवस मावळला तेव्हा भासऱ्यांनी नदीच्या मधल्या रेतीच्या बेटाला डोंगा लावला. काठावर रात्री अस्वल पाण्याला येतं, बेटावर येत नाही. रेतीत खुंटा ठोकून त्यांनी दोर बांधला. मी पेज रांधली, त्यांना पोरीच्या हाती पाठवली. डोंग्यात तणस पसरून आम्ही दोघींनी झोपायचं ठरलं. भासरे डोंग्यात झोपणार नव्हते. ते तर सोडाच, डोंग्याजवळही नाही. ते आपली घोंगडी घेऊन बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला गेले, जिथं रेती सखल होत पाण्यात उतरली होती, आणि तिथं त्यांनी विस्तव केला. जाताना पोरीला दोन निरोप दिले.

"काकूले सांग, रातच्यानं खालून आवाज येईन, भिऊ नको म्हणा. मासे येते, डोंग्याचं शेवाळ खाते. अन् खाली उतराचं काम पडलं तं लोटा वाजव म्हणा. मी तोंडावर घोंगडी घेतो."

पोरीनं हे सगळं मला मोठ्यानं सांगितलं आणि सांगता सांगताच झोपली.

आवाज आले. मी कान लाकडाला लावून पडले होते, आणि माझ्या डोक्याखाली कोणीतरी नखांनी खरवडत होतं. मासेच असतील, असं मनाला सांगितलं. मग कुर्र कुर्र असा, पाट घासल्यासारखा आवाज आला. तो शिंगट्या मासा, पाण्याबाहेर काढला की असाच बोलतो, हे मला माहीत होतं. तरी उठून बसले, तर सगळं चूप. वर चांदणं, ढगाचा ठिपकाही नाही. पलीकडे विस्तव लाल दिसत होता. पुन्हा आडवी झाले, की खाली पुन्हा सुरू. असं वाटे, की मी बसले तर ते ऐकत राहतं आणि मी निजले की बोलू लागतं.

केव्हातरी खरवडणं थांबलं. एकदम सगळे मासे गेले असावेत. मग त्या शांततेत लांबून दुसराच आवाज यायला लागला. सुपात चिचोके हलवावेत तसा. थांबायचा, पुन्हा यायचा, मग थांबेनासा झाला. मी दुसरा कान लावला, तरी तोच आवाज. डोंग्याला काहीच शिवत नव्हतं. आवाज वरच्या अंगानं, पाण्यातून येत होता.

हा आवाज मी दुपारीच ऐकला होता. ते गोटे होते, उतारावरचे. पण आता तिथं ना पोरगी होती ना डोंगा. मग त्यांना हलवत कोण होतं?

आमच्या माहेरच्या घरामागं नाला आहे. वर डोंगरात पाऊस झाला, की आमच्याकडे ऊन असतानाही नाल्याचे दगड आधी वाजतात आणि मग पाणी येतं. दगड वाजले की आई आम्हाला हाक मारून वर घ्यायची. ते आठवलं. वर कुठंतरी पाऊस कोसळला होता. पूर येत होता. डोंगा पाण्याबरोबर वर उचलला जाईल, आम्ही दोघी तरंगू. भासरे झोपले होते त्या सखल रेतीवर पाणी सगळ्यात आधी चढणार होतं. आणि तिथं, उघड्या रेतीवर, हा आवाज त्यांना येणार नव्हता.

मी पोरीला हलवलं. "ऊठ वो, बाबाले हाक मार." ती लाकडासारखी. चिमटा काढला, तोंडावर पाणी मारलं. तिनं नाक पुसलं आणि कूस बदलली.

मी लोटा घेतला आणि डोंग्याच्या काठावर जोरानं वाजवला. पलीकडे भासरे हलले. जागे झाले म्हणून मला धीर आला. आणि त्यांनी काय केलं, तर घोंगडी डोक्यावरून ओढली आणि माझ्याकडे पाठ करून निजले. मी आणखी जोरात वाजवला. त्यांनी घोंगडीत डोकं आणखी आत घातलं. माणूस फार मर्यादेचा. मी वाजवत राहिले असते तर ते कान बोटांनी बुजून पडले असते.

तेवढ्यात डोंगा हलला. आत्तापर्यंत दोर सैल होता, तो ताठ झाला. मी काठावरून हात खाली घातला. मघाशी हाताला रेती लागत होती, आता तळ लागेना, आणि पाणी गढूळ. चांदण्यात फेस वाहताना दिसला. पलीकडे विस्तव चुर्र करून विझला.

आता हाक मारायलाच हवी होती. पण काय म्हणून? सासूबाईंनी मला सगळं शिकवलं होतं, कोणाला काय म्हणायचं ते. भासऱ्यांना हाक कशी मारायची ते शिकवलं नव्हतं, कारण ती कधी मारायचीच नव्हती. खुंटा रेतीतून सुटत होता. दिवसभर जो शब्द पोरीच्या तोंडून ऐकत होते, तोच बाहेर पडला.

"बाबा! बाबा, उठा! पूर!"

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. भासरे घोंगडी फेकून उभे राहिले, तर पाणी त्यांच्या गुडघ्याला होतं. पोरीला काही झालं असं त्यांना वाटलं असावं, ते सरळ डोंग्याकडे धावले. बेटाचा मधला भाग खचला आणि ते छातीपर्यंत पाण्यात गेले. त्याच वेळी खुंटा उपटला आणि डोंगा फिरला. मी बांबू उचलून त्यांच्याकडे लांब केला. पदर कुठं गेला ते मला ठाऊक नाही. त्यांनी टोक धरलं, पण बांबू ओला, माझ्या हातातून सरकायला लागला. मग मी बांबू सोडला आणि त्यांचं मनगट धरलं. दोन्ही हातांनी. डोंगा कलला, पाणी आत आलं, आणि ते पोटावर घसटत आत पडले.

ते धापा टाकत होते. मी तोंड फिरवून बसले. पाण्यातून बांबू परत मिळाला नाही, म्हणून ते हातांनी डोंगा वळवत राहिले आणि मी लोट्यानं पाणी उपसत राहिले. पुढे काठावरची अर्धी बुडालेली जांभूळ हाती लागली, तिला दोर बांधला. उजाडेपर्यंत आम्ही तसेच, एक या टोकाला, एक त्या टोकाला. बेट कुठं होतं ते सकाळी ओळखूही आलं नाही.

पोरगी जागी झाली. "आपण इथी काऊन आलो? बाबा, तुमी ओले काऊन?"

"पूर आला रातच्यानं. तू मले आवाज देल्ली नसती तं मी वाहून गेलो असतो."

"मी? मी कधी देल्ली?"

"वा! बाबा, बाबा करून केवढी बोंबलली. झोपेत होती तू, तुले आठवत नाई."

पोरीनं माझ्याकडे पाहिलं. मी होकाराची मान हलवली. घरी पोचेपर्यंत तिला सगळं आठवायलाही लागलं होतं. सासूबाईंनी तिची दृष्ट काढली, जावेनं तिला गूळ दिला. आंघोळीचा विषय निघालाच नाही. निघाला असता तरी भासऱ्यांना आंघोळ नदीनंच घातली होती. आज ती पोरगी लेकरांची आई आहे आणि बापाला पुरातून आपण कसं उठवलं ते लेकरांना सांगते. मी तिथं बसून ऐकते.

पुढच्या वर्षी पुन्हा भासरेच मला न्यायला आले. संध्याकाळी बेट लागलं, तर त्यांनी डोंगा तिथं थांबवला नाही, काठाच्या झाडालाच बांधला. डोंग्याच्या मधोमध माझं जुनं लुगडं आडवं बांधायला लावलं आणि त्याच्या पलीकडे, डोंग्यातच, ते निजले. पोरगी माझ्या कुशीत केव्हाच घोरत होती. रात्री खाली खरवडायला लागलं. लुगड्यापलीकडून हळू आवाज आला.

"पोरी, काकूले इचार, खाली काय वाजते?"

पोरगी झोपलेली आहे हे त्यांना ऐकू येत होतं. मी कान लाकडाला नीट लावला आणि बराच वेळ ऐकलं.

"मासेच आहेत," मी म्हणाले. "झोपा."