खिंडीपर्यंतची वाट

डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो खिडकीच्या उजेडाकडे धरला. मग म्हणाले, "ट्यूबरक्युलोसिस. उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या टोकाला."

मला शब्द कळला नाही. पण शेजारी उभ्या असलेल्या यांचा चेहरा उतरलेला दिसला. डॉक्टरांनी मराठीत सांगितलं, "क्षय."

माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "माझी मंदा माझ्या ताटात जेवते हो."

"आजपासून नको," डॉक्टर म्हणाले.

दिवाळीपासून मला संध्याकाळी कणकण यायची. खोकला हटत नव्हता, चोळ्या ढिल्या व्हायला लागल्या होत्या. मंदाच्या वेळच्या बाळंतपणाचा अशक्तपणा असेल असं आम्ही धरून चाललो होतो. मग एका सकाळी विहिरीवर खोकला आला आणि थुंकीत रक्त दिसलं. मी ते पाणी ओतून घालवलं, पण थोरल्या नणंदेने पाहिलं होतं. त्याच आठवड्यात दिघीहून आगबोटीने मुंबई गाठली.

इस्पितळात आम्हा क्षयी बायकांच्या खाटा व्हरांड्यात होत्या. शेजारच्या खाटेवरची बाई मला तिच्या माहेरच्या गमती सांगायची. एका दुपारी मी डोळे उघडले तर तिच्या खाटेवर धुतलेली चादर घातलेली. त्या दिवसापासून मी माझाच श्वास ऐकत पडून राहायला लागले. छातीत जरा घरघरलं की दचकून उठून बसायचे.

आम्ही निघताना डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "याला औषध नाही. विश्रांती, मोकळी हवा, दूध, अंडी. ताप पूर्ण गेला की ग्रॅज्युएटेड वॉकिंग. म्हणजे चालणं औषधासारखं घ्यायचं, थोडं थोडं वाढवत. थर्मामीटर वर गेला तर चालणं बंद."

बोर्ली पंचतनला परतलो तेव्हा यांनी माझ्यासाठी वाडीच्या कडेला झावळ्यांची खोप बांधून घेतली. दीड वर्षाच्या मंदाला आगरदांड्याच्या तरीने खाडी ओलांडून माझ्या माहेरी, मुरुडला पाठवलं. ती जाताना रडली. मी तिच्या अंगाला हात लावला नाही.

माझं सगळं वन्संनी, म्हणजे यांच्या थोरल्या बहिणीने, अंगावर घेतलं. त्या ताट दारात ठेवून चार पावलं मागे सरकत. मला वाईट वाटायचं, पण त्यांचं चूक नव्हतं.

ताप गेला, तेव्हा चालणं सुरू झालं. आधी विहिरीपर्यंत, मग वाडीच्या दगडी गडग्यापर्यंत, मग गावामागच्या डोंगराच्या पायथ्याशी. वन्सं मागून येत. बाजाराला निघालेली एक ओळखीची कोळीण थांबली नि म्हणाली, "बाय, अंगात जीव न्हाय तुझ्या. डोंगर कशाला चढतेस? घरी पडून ऱ्हा." तिला माझी कीव येत होती. मलाही घरी पडून राहावंसंच वाटत होतं.

आणि पहिल्या चढावरच घात झाला. तोंडात एकदम गरम, खारट चव आली. रुमाल लाल झाला. वन्सं धावत आल्या आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी मला धरलं. दगडाला टेकवून बसवलं. "बोलू नकोस. हळू श्वास घे," त्या म्हणत होत्या.

हे मुंबईला जाऊन आले. डॉक्टरांनी यांना समजावलं, "याला हिमॉप्टिसिस म्हणतात. फुफ्फुसातली बारीक रक्तवाहिनी फुटून खोकल्यात रक्त येतं. पुन्हा पूर्ण विश्रांती. मग पुन्हा चालणं, पहिल्यापासून."

ताप गेला तरी मी उठेना. "मी नाही जायची. पडून राहिले तर निदान जगेन," मी म्हटलं.

वन्सं दारात उभ्या होत्या. "मलाही भीती वाटते, शांता. तुला त्या दिवशी खाली कसं आणलं ते माझं मला ठाऊक. पण मंदाला घरी आणायचं की नाही? चल. विहिरीपर्यंतच जाऊ."

गेलो.

ज्यांच्या घरी हे दुखणं आलं आहे त्यांना एवढंच सांगते, चालण्याने भीती जात नाही. मी रोज भीतच निघायचे. पण वाटेत खारी ओरडायच्या, ऐनाच्या झाडांत वारा शिरायचा, वर कुणीतरी लाकडं तोडत असायचं, आणि तेवढा वेळ मी माझी छाती ऐकायची विसरायचे. दमायच्या आधी थांबायला मी शिकले. आयुष्यात कधी पाणी, सरपण किंवा देवदर्शन यांवाचून घराबाहेर पडले नव्हते. आता नुसती चालायला जात होते, आणि ते मला आवडायला लागलं होतं.

थंडीतल्या एका सकाळी आम्ही डोंगरातल्या खिंडीत पोचलो. पलीकडे समुद्र एकदम समोर आला. वारा असा की पदर आवरेना. तेवढ्यात खोकला आला. मी रुमाल तोंडाला लावला आणि उघडून बघायचा धीर होईना. शेवटी वन्संनीच तो उघडला. पांढरा होता. त्यांनी उलटून पालटून पुन्हा पाहिला आणि मटकन खाली बसल्या. दोघीही रडलो.

पुढच्या तपासणीला मुंबईला गेलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, "थुंकीत जंतू नाहीत. हीलिंग चालू आहे, म्हणजे जखम भरते आहे. बरी झालीस असं मी म्हणणार नाही. जपून राहा, चालणं सोडू नकोस. मुलीला आणा."

मंदा आली ती वन्संच्या मागे लपली. "ही कोण?" तिने विचारलं. त्या प्रश्नाला मी तयार होते, तरी मी मान वळवली. वन्सं म्हणाल्या, "ही रोज डोंगरावर जाते. येतेस आमच्याबरोबर?"

डोंगराचं नाव ऐकून ती आली. माझ्यापासून लांब, पुढे पुढे पळत होती. अर्ध्या चढावर दमली, वळली, आणि सर्वांत जवळ मी होते म्हणून माझ्याकडे हात वर करून म्हणाली, "घे."

मी वन्संकडे पाहिलं.

"तोंड बाजूला ठेव," त्या म्हणाल्या, "पण घे गं तिला."

मी तिला उचललं. ती चांगलीच जड झाली होती.