वायरिंगच्या निमित्तानं पाहिलेली घरं

इलेक्ट्रिशियनच्या पिशवीत जुने स्क्रू जसे साठतात, तसे माझ्याकडं घरांचे किस्से साठले. मुद्दाम कुणी जमवत नाही. टाकून द्यायचं जिवावर येतं, एवढंच.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. शिरूरजवळच्या एका कारखान्यात मी मेंटेनन्सला होतो. आमच्या कंपनी बसमधली पोरं पर्मनंट झाली, लग्नं झाली, आन् दर रविवारी कुणीतरी घर बघायला निघायचं. मला निरोप ठरलेला, वायरिंग बघायला चला. वायरिंग लगेच बघून व्हायचं. बाकीचा वेळ मी नवरा-बायको बघायचो.

साळुंके आणि त्याची बायको मांडवगण फराट्याचे. शिरूरच्या एका फ्लॅटमध्ये साळुंक्यानं टाइल्स बघितल्या, नळ सोडून बघितले, खूश झाला. वहिनींनी किचनची खिडकी उघडली. समोर शेजारच्या बिल्डिंगची भिंत.

"हितनं येणारं माणूस दिसत न्हाई," त्या म्हणाल्या. फ्लॅट गेला.

पुढं घेतलेलं घर त्याहून लहान होतं, पण किचनमधून बसस्टॉप दिसायचा. बस वळणावर आली की वहिनी चहा टाकायच्या. दारात पाऊल ठेवलं की कप तयार. बायकोला आपली वेळ पाठ आहे, असं साळुंके अजून सगळ्यांना सांगतो.

शितोळे दौंडचा. वडील रेल्वेत, त्यामुळं त्याला दौंडातच, रुळांजवळचं घर हवं. बायको राहू गावची, रानातल्या वस्तीवर वाढलेली. रिकाम्या घरात आम्ही बोलत उभे होतो आणि गाडी आली. खिडक्या थरथरल्या, सगळे गप्प. गाडी गेली, बोलणं सुरू. तेवढ्यात दुसरी.

"हितं भांडायचं कसं?" ती म्हणाली. "गाडी जाईस्तवर मुद्दाच इसरतो माणूस."

शितोळे शांतपणे म्हणाला, "आमच्या आई-दादांचं त्यामुळंच टिकलं."

ती हसली, आणि घर झालं. पुढं गाड्यांच्या वेळा तिला त्याच्यापेक्षा पक्क्या झाल्या. काही सुनावायचं असलं, की गाडी यायच्या आत सुनावून मोकळी व्हायची.

गायकवाड आमच्या स्टोअरला, वहिनी झेडपीच्या शाळेत शिक्षिका. त्यांना एक घर इतकं आवडलं, की वहिनींनी पडद्यांचा रंगसुद्धा ठरवला. मालक शेजारीच राहायचा. त्यानं चहा सांगितला आणि गप्पांत विचारलं, मूळ गाव कुठलं, पाहुणे कुठले. त्याला काय विचारायचंय ते गायकवाडला कळलं. त्यानं सरळ सांगितलं, आम्ही बौद्ध.

चहा आलाच नाही. घरच्यांना विचारून कळवतो, म्हणाला मालक.

बाहेर येऊन गायकवाड स्कूटरला किक मारत राहिला. स्कूटर सुरू होईना. वहिनींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाल्या, "घर चांगलं होतं. पण रोज सकाळी ह्याचं तोंड बघून दार उघडायचं का आपण?"

त्यांनी पुढं प्लॉट घेऊन स्वतःचं घर बांधलं. प्रवेशाच्या दिवशी बुद्धाची मोठी तसबीर बरोबर दारासमोर लावली. मी म्हटलं, आतल्या भिंतीवर उजेड चांगला पडतो.

"इथंच राहू द्या," वहिनी म्हणाल्या. "ज्याला परत फिरायचंय, त्याला दारातच कळू द्या. आणि वर एक बल्ब द्या, मोठा."

आमच्या बसमधल्या कोकऱ्याची बायको हिराबाई. तिचं लहानपण मेंढरांमागं फिरण्यात गेलेलं. पाल ठोकायच्या आधी तिची आई जागेवर नुसती बसून बघायची. उठावंसं वाटलं नाही, तर मुक्काम तिथं. हिराबाई प्रत्येक फ्लॅटमध्ये तेच करायची. फरशीवर बसायची, जरा वेळानं म्हणायची, चला. एजंट खुर्ची घेऊन उभाच. कोकरे ओशाळायचा, पण तिला कधी घाई केली नाही त्यानं.

शेवटी एका अर्धवट बांधकामात, प्लास्टरसुद्धा नव्हतं, ती सिमेंटच्या धुळीत बसली. भिंतीला टेकली, पाय पसरले आणि आईच्या गोष्टी सांगायला लागली. मी पाइप कुठून काढलेत ते बघत होतो. कोकरे हळूच जवळ आला.

"र्‍हाऊ द्या आता. ठरलंय."

आणि आमचे जगताप साहेब, सुपरवायझर. त्यांचं आणि काकूंचं बोलणं बंद होतं. कशावरून, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांची पोरं आपापल्या संसाराला लागलेली. त्यांनी दुमजली घर पसंत केलं, वर जायला बाहेरून जिना. साहेब खाली राहणार, काकू वर. घर बघताना दोघं माझ्यामार्फत बोलले. वर उन्हाचं तापेल, त्यांना विचारा. चालेल म्हणून सांग त्यांना.

फिटिंग करताना साहेबांनी मला बाजूला घेतलं. वर एक घंटी बसवा, बटण खाली माझ्या खाटेजवळ. त्यांना काही बोलू नका.

वर गेलो. काकू म्हणाल्या, "खाली एक घंटी बसव. बटण हितं, माझ्या हाताशी. त्यांना सांगू नकोस."

मी दोन्ही बसवल्या. आपल्या भिंतीवर घंटी कशी आली, हे दोघांपैकी कुणीच विचारलं नाही.

पुढं बऱ्याच दिवसांनी साहेबांनी बोलावलं, बटण सैल झालंय म्हणून. उघडलं तर आतली स्प्रिंग पार गेलेली. मी नवं बटण बसवत होतो, तेवढ्यात भिंतीवरची घंटी वाजली. साहेब उठले. आरशात बघून केस सारखे केले, चप्पल घातली.

"वरचंही बटण बदलायचंय," जिन्याशी थांबून म्हणाले. "पण जरा वेळानं या."