धुक्याकडची बाजू

होकायंत्र पाहिल्याशिवाय खुर्चीत न बसणारा माणूस अख्ख्या रियाधमध्ये एकच, आणि तो नेमका माझा साडू निघावा, याला नशीब म्हणतात! पोटापाण्यासाठी साडूभाऊ एका बँकेचे कॉम्प्युटर सांभाळतात, पण जीव सगळा दक्षिण सौदीतल्या आभ्याच्या डोंगरावर, सुरूसारख्या दिसणाऱ्या ज्युनिपरच्या जंगलात. झाड स्वतःच्या मर्जीनं काही करत नाही, हा त्यांचा सिद्धांत. समुद्राकडच्या उतारावर धुकं अडतं, म्हणून तिथं झाडी दाट. माथा ओलांडला की तीच झाडं शेंड्याकडून वाळलेली. आणि खाली उतरलं की नुसत्या बाभळी. इथवर ठीक होतं. पण हाच नियम ते माणसांनाही लावतात. साहेब अंगावर ओरडला तर म्हणतात, "बिचारा दक्षिणेच्या खिडकीत बसतो हो, करपणारच!" घरातली कोथिंबिरीची कुंडी तर दिवसभर या खिडकीतून त्या खिडकीत. शेवटी मेहुणी वैतागली, "अहो, ही खायचीय की घरभर मिरवायचीय?"

दर ईदला आमच्या दोन गाड्या आभ्याला निघतात. माथ्यावर पोचलं की "यल्ला, उतरा!" आणि मग एकेका झाडापुढे आमची परेड. एकदा शेंडे का वाळतात हे ऐकत उभे होतो, तेवढ्यात माकडांनी धपाट्यांचा अख्खा डबा पळवला. आम्ही बोंबा मारतोय आणि हे शांतपणे म्हणतात, "कोरड्या बाजूची दिसतात. भुकेली असणारच."

त्यांच्या मुलीला, सईला, मात्र यातलं काही शिवलं नव्हतं. कानात हेडफोन घालून गाडीत बसायची. "बाबा, इट्स जस्ट ट्रीज!" आणि ती असली की धुकंही हटकून दडी मारायचं. गेल्या ईदनंतर ती कॉलेजसाठी पुण्याला जाणार होती. त्या ईदला आभ्याच्या वाटेत पेट्रोल भरताना साडूभाऊ हळूच म्हणाले, "हिला एकदा तरी धुकं दिसायला हवं हो. पुढे कुठली येतेय ती आपल्याबरोबर?"

माथ्यावर लख्ख ऊन! दुपारपर्यंत वाट पाहिली, सतरंज्या गुंडाळल्या, सई गाडीतून खालीसुद्धा उतरली नाही. परतीच्या वाटेवर साडूभाऊंनी एकाही झाडाचं नाव काढलं नाही. एरवी ज्यांना गप्प करायला मी नवस बोललो असतो, त्यांचं ते गप्प बसणं मला सोसेना.

या ईदला मुकाट्यानं पुन्हा गेलो. आणि पाहतो तर काय, दरीतून भसाभसा धुकं वर आलं. झाडं गेली, गाड्या गेल्या, शेजारी उभी मेहुणी दिसेना. साडूभाऊंनी सईला व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाइल उंच धरला.

"बाबा, सगळं व्हाइटच आहे. काहीच दिसत नाहीये," पुण्याहून आवाज आला.

"नाहीच दिसणार, बाळा," साडूभाऊ म्हणाले. "तू बघत राहा फक्त."

ती बराच वेळ बघत राहिली. साडूभाऊंचा हात भरून आला असणार, पण त्यांनी तो खाली घेतला नाही.