जोडलेली भुवई

माझे भावोजी म्हणजे फोटो स्टुडिओवाले. बारीक ब्रश घेऊन लोकांच्या सुरकुत्या पुसायच्या, डाग घालवायचे, एखाद्याची दुसरी हनुवटी गायब करायची, हे त्यांचं काम. गिऱ्हाइकं खूश असायची. आपण कसे दिसायला हवे होतो, ते त्यांना स्टुडिओतच कळायचं. फक्त स्वतःच्या बायकोच्या बाबतीत भावोजींनी अक्कल गहाण टाकली.

ताई लहानपणी जिन्यावरून पडली होती. तेव्हापासून तिची डावी भुवई मधोमध तुटलेली. लग्नाच्या फोटोत भावोजींनी ती जोडून टाकली. फोटो बघून ताई म्हणाली, "ही कोण?" यांना वाटलं, कौतुकच! मग प्रत्येक फोटोत भुवई जोडणं सुरू झालं. पुढे ताईने फोटोला बसणंच सोडलं, आणि का सोडलं ते या शहाण्या माणसाने कधी विचारलं नाही.

स्टुडिओ बंद झाल्यावर त्यांनी ठरवलं, तैलरंगात ताईचं चित्र काढायचं. ताईने चष्म्यावरून बघितलं.

"इतकी वर्षं भुवई जोडत होतात, आता अख्खं तोंडच नवीन काढा की. माझी काय गरज?"

त्यांचा उतरलेला चेहरा बघून मला आधी बरं वाटलं, मग कीव आली.

ते चित्रकलेच्या वर्गाला जाऊ लागले. तिथल्या बाई त्यांच्या मुलीच्या वयाच्या. बाईंनी काही शतकांपूर्वीच्या एका चित्राची मोठी छापील प्रत समोर ठेवली. एक म्हातारी, डोक्याला पांढरं फडकं, नाकाशेजारी चामखीळ. "हुबेहूब नक्कल करा," म्हणाल्या. आधी तपकिरी रंगाचा पातळ थर, तो वाळला की वर जाड रंग. भावोजी सगळं मनापासून करायचे, पण चामखीळ काही उमटेना. हात आपोआप तिथला रंग सपाट करायचा.

"काका, या आजींना पासपोर्ट नाही काढायचाय," बाई म्हणाल्या.

वर्ग हसला. मी डबा द्यायला गेले होते, मीही हसले.

"एका चामखिळीने काय बिघडतं?" भावोजी वैतागले.

"तुमच्या चित्रात गाल कुठे संपतो आणि नाक कुठे सुरू होतं, सांगा बघू."

खरंच सांगता येत नव्हतं. मूळ चित्रात उजेड चामखिळीवर अडून खाली सावली पडली होती आणि तिथूनच गाल वळत होता. यांची म्हातारी थापलेल्या पिठासारखी. भावोजींनी फडक्याने चित्रातला ओला गाल पुसला आणि पुन्हा सुरुवात केली.

नक्कल पुरी झाली तेव्हा त्यांनी ती घरी आणून भिंतीला टेकवली. ताई जवळ जाऊन उभी राहिली.

"कुणाची कोण बाई, तिची चामखीळ मात्र ठेवलीत."

"पुसून बघितली. ती गेली की बाईच राहत नाही."

"हे कळायला ही म्हातारी लागली?"

"लागली," भावोजी म्हणाले. "चुकलोच मी."

ताई आत गेली. मला वाटलं, संपलं. पण ती खुर्ची घेऊन आली, खिडकीशी मांडली, बसली आणि चष्मा काढला.

"करा सुरू. भुवईपासून."

"अगं, तसं नसतं. आधी सबंध चेहऱ्याचा..."

"भुवईपासून."

मला रडू आलं, खोटं कशाला बोलू? भावोजींनी ब्रश तपकिरी रंगात बुडवला आणि कोऱ्या कॅनव्हासवर भुवई काढली, मध्ये जागा सोडून. मान वर करून बघावंही लागलं नाही. ती जागा त्यांच्याइतकी कुणाला पाठ असणार?