झेंडूच्या तोड्याची लय

पाध्ये सरांची आणि माझी ओळख एका बाकामुळे झाली. अमरावतीच्या आमच्या शाळेत विश्वनाथ पाध्ये सर भौतिकशास्त्र शिकवायला नुकतेच रुजू झाले होते आणि मी शेवटच्या बाकावर बोटांनी ताल धरून बसलो होतो. सर फळ्यावर लिहीत होते. त्यांचा हात थांबला, पण ते वळले नाहीत. "कोण वाजवतंय? थांबू नकोस. समेवर येताना घाई करतोस, तेवढी सोड आणि पुन्हा वाजव," असं ते म्हणाले. वर्ग खो खो हसला. मला तो टोमणा वाटला आणि मी मान खाली घातली. संध्याकाळी त्यांनी मला खरोखरच वाजवायला घरी बोलावलं, आणि पुढे माझं निम्मं तारुण्य त्या घराच्या पुढच्या खोलीत गेलं.

त्या खोलीत एक सिंथेसायझर होता. अकोल्याचा एक ऑर्केस्ट्रा मोडला, तेव्हा सरांनी तो आणला होता. एसटीत मांडीवर घेऊन, गोधडीत गुंडाळून. गल्लीतली माणसं तो बघायला येत. "यात तबला कुठी बसला हाय?" असं एका आजोबांनी विचारलं, तर सरांनी स्क्रू काढून मागचं झाकण उघडलं आणि त्यांना आतल्या तारा दाखवल्या. आजोबा म्हणाले, "म्हंजे नाईच बसला!" आजची मुलं त्या संगीताला 'सिंथ-पॉप' म्हणतात आणि आदराने म्हणतात. आमच्या वेळी अमरावतीत त्याला 'मशीनची गाणी' म्हणत आणि म्हणताना नाक मुरडत. विजेवरचं गाणं, वीज गेली की मेलं, असं जुने गवई सांगत.

वीज जायची, हे खरं आहे. पण गाणं मरायचं नाही, कारण गायला कमलताई असायच्या.

कमलताई म्हणजे सरांच्या पत्नी. सर वकिलांच्या घरातले, आणि ताई अचलपूरजवळच्या, पिढ्यान्‌पिढ्या फुलांची शेती करणाऱ्या घरातल्या. दोन्ही घरांना हे लग्न पचायला वेळ लागला. ताई गाणं कुणाकडे शिकल्या नव्हत्या. पहाटे झेंडूचा तोडा करताना त्या आई-काकूंबरोबर गात आल्या होत्या. उन्हं वर यायच्या आत टोपल्या भरायच्या असत, त्यामुळे ताईंच्या गाण्याला चालणं ठाऊकच नव्हतं. ते पळायचं. सरांनी सगळ्या चाली त्या पळण्याभोवती बांधल्या. गाणी तरी कसली, तर चुकलेल्या एसटीची, सासरी आलेल्या खट्याळ दिराची, टोपलीतून सांडलेल्या फुलांची. ऐकणारा खुर्चीत बसून राहिला तर आपलं काहीतरी चुकलं, असं सर मानत. कार्यक्रमात वीज गेली की मशीन मुकं व्हायचं, मी ज्यावर ताल धरायचो ते विजेवरचं पॅड मुकं व्हायचं, आणि अंधारात ताई एकट्या गात राहायच्या. वीज आली की सर त्यांना नेमके त्याच मात्रेवर गाठायचे. हे मी कितीतरी वेळा पाहिलं आहे, आणि अजून मला कळलेलं नाही की ते दोघं हे कसं करत असत.

सरांचा एक नियम होता. त्यांच्या सिंथेसायझरला मागे सूर वर-खाली करायची एक लहान चकती होती. बाकीचे वादक ती एकदा लावून विसरून जात. सर प्रत्येक कार्यक्रमाआधी ताईंना दोन ओळी गायला लावत आणि त्या दिवशी त्यांचा गळा जिथे असेल तिथे मशीन नेत. कौंडण्यपूरच्या यात्रेत एकदा ताईंना सर्दी झाली होती. संयोजक सारखे येऊन "सुरू करा ना सर, पब्लिक उठून राहिली" म्हणत होते, आणि सर चकती केसभर फिरवत बसले होते. शेवटी ते म्हणाले, "गाणाऱ्यानं मशीनकडे जायचं नसतं, मशीननं गाणाऱ्याकडे जायचं असतं. पब्लिकले सांगा, मशीन रस्त्यात हाय." त्या वेळी आम्ही हसलो. या नियमाची किंमत किती होती, ते फार उशिरा कळलं. त्याकडे मी येतोच.

सरांच्या आणि ताईंच्या मायेबद्दल लिहायचं, तर माझ्या आईच्या आजारपणाबद्दल लिहावं लागेल. आई दवाखान्यात होती आणि मी नोकरीच्या परीक्षेच्या तोंडावर होतो. ताई रोज ज्वारीची भाकर आणि पातळ वरण घेऊन येत. सर दवाखान्याच्या पायरीवर बसून माझ्याकडून गणितं सोडवून घेत. आई गेली त्या दिवशी दोघंही तिथेच होते. ताईंनी मला जवळ ओढलं आणि म्हटलं, "रड रे पोरा. मी हावो इथी." पुढे मला अकोल्याला बँकेत नोकरी लागली, मी तिकडचा झालो, पण माझं माहेर अमरावतीलाच राहिलं. पुरुषाने माहेर म्हणू नये असं कुणाला वाटत असेल, तर त्यांनी खुशाल हसावं.

आता त्या कॅसेटबद्दल. आमची गाणी एकदाच, एका सुट्टीत, शाळेच्या सभागृहात खिडक्यांना सतरंज्या लावून ध्वनिमुद्रित झाली. मूळ कॅसेट एक, आणि लोकांना हव्या होत्या पुष्कळ. सर घरीच दोन टेपरेकॉर्डर जोडून प्रती काढत आणि मागेल त्याला देत. यातला वाजवणारा टेपरेकॉर्डर जुना होता. त्याचा रबरी पट्टा सैल झाला होता, त्यामुळे तो दमून चालायचा. कधी घसरायचा, कधी सावरायचा. दुसरा टेपरेकॉर्डर ठणठणीत होता, त्याने ते दमलेलं गाणं इमानदारीने टिपून घेतलं. परतवाड्याच्या एसटी स्टँडवर चहाच्या टपरीत ताईंनी स्वतःचं गाणं पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा मी बरोबर होतो. कपबशी हातात धरून त्या म्हणाल्या, "हे कोण गाऊन राहिलं? मी का माही सासू?" आम्ही पोट धरून हसलो. सर मात्र ओशाळले. येत्या रविवारी पट्टा बदलून सगळ्या प्रती नव्याने काढू, असं त्यांनी कबूल केलं. तो रविवार यायच्या आत त्याच टेपरेकॉर्डरने मूळ कॅसेट गिळली. आतली फीत चुरगळून तुकडे झाली. ताई म्हणाल्या, "जाऊ द्या. आपून जित्ते हावो ना? परत गाऊ."

परत गायचं राहून गेलं. शाळा, बदल्या, त्यांच्या मुलीचं शिक्षण, मग ताईंचा दम्याचा आजार. शेवटच्या वर्षात त्यांना सलग दोन वाक्यं बोलता येत नसत. ताई गेल्या, तेव्हा सरांनी सिंथेसायझर पुन्हा त्या गोधडीत गुंडाळला आणि कपाटावर ठेवून दिला. त्यांच्या घरी गेलो की मी त्या गोधडीकडे बघत नसे, आणि सरही बघत नसत. आम्ही हवापाण्याबद्दल बोलायचो.

अशात अकोल्याची केतकी नावाची मुलगी माझा पत्ता काढत आली. वय पंचविशीच्या आतबाहेर, केस आखूड, बोलणं तडफदार. परतवाड्याला मावशीच्या घरी तिला आमची कॅसेट सापडली होती. तिने ती ऐकली आणि पार वेडी झाली. सरांच्या पंचाहत्तरीला, वऱ्हाडातल्या लहान लहान बँडनी ही गाणी आपापल्या पद्धतीने गाऊन एक अल्बम करायचा, असं तिने ठरवलं होतं. ज्यांची नावं त्यांच्या गल्लीपलीकडे कुणाला ठाऊक नाहीत, असे हे बँड. अकोल्यात गोदामात सराव करणारी चार मुलं. परतवाड्याचा वरातीचा बँड, ज्याच्या मालकाच्या मुलीने घरात कीबोर्ड आणला. सेमाडोहचे दोन भाऊ, जे पर्यटकांची जिप्सी चालवतात आणि पावसाळ्यात जंगल बंद झालं की वाजवतात. "सगळ्यांची गाणी झाली हायत, काका. फक्त सरांचा होकार घ्यायचा हाय. सर नाई म्हणले तर मी हे पुसून टाकीन," असं सांगून तिने गाणी माझ्या मोबाइलवर पाठवली.

ती ऐकून माझं डोकं फिरलं. साऱ्या गाण्यांत मरगळ होती. चुकलेल्या एसटीचं गाणं ऐकताना वाटावं, ती एसटी आता कधीच येणार नाही. सांडलेल्या फुलांचं गाणं तर सरळ मर्तिकाचं झालं होतं. मी केतकीला फोन करून वाट्टेल ते बोललो. ती शांतपणे म्हणाली, "काका, कॅसेटमधी असंच हाय. तुमी ऐका ना." मी माझी जपून ठेवलेली कॅसेट लावली. तिचं खरं होतं. पट्ट्याचा तो किस्सा मी सगळ्यांना रंगवून सांगत आलो होतो, आणि त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला. जग ज्या कमलताईंना ओळखतं, त्या खऱ्या कमलताई नव्हेतच. कॉम्प्युटरवर वेग वाढवता येतो, असं केतकी म्हणाली. तिने करूनही पाहिलं होतं. पण किती वाढवायचा? मशीनचा सूर पक्का असता, तर फीत हळू फिरल्याने तो किती उतरला, त्यावरून हिशेब लागला असता. आमच्या सरांचं मशीन तर दर वेळी गाणाऱ्याकडे जायचं.

आम्ही दोघं अमरावतीला गेलो. गाणी पुन्हा करून घ्यायची, असं मी मनाशी पक्कं ठरवलं होतं. सरांनी डोळे मिटून एकेक गाणं ऐकलं. मध्ये कुठेही थांबवलं नाही. सेमाडोहच्या भावांचं शेवटचं गाणं संपलं, तेव्हा त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

मी म्हणालो, "सर, यांना सांगा. चाल चुकली आहे. सगळं नव्याने करू द्या."

शाळेत सर पुस्तकी बोलत, पण घरात ते वऱ्हाडीच बोलतात. ते म्हणाले, "कावून? या पोट्ट्याइनं काय चुकीचं केलं? पट्टा माहा ढिला होता. आन्‌ ती गेल्यापासून ही गाणी मले अशीच आयकू येतात, अशोक. अशीच, हळू. मले वाटे मलेच येत असतीन." मग केतकीला म्हणाले, "जसं हाय तसंच राहू दे, बाई. माहा होकार हाय."

केतकीने हळूच विचारलं, "पण सर, खरी लय कशी होती?"

त्याचं उत्तर द्यायला मी पुढे सरसावलो. वादक मी होतो. मी टेबलावर ताल धरला. सरांनी ऐकला, माझ्या हातावर हात ठेवला आणि मान हलवली. "तुही बी कॅसेटचीच हाय, लेका. इतकी वर्षं तू बी तेच आयकत आला ना."

ताईंच्या शेजारी बसून मी वाजवलं होतं, आणि माझ्या बोटांतूनही त्या निघून गेल्या होत्या. सरांनी मग उजवा हात वर केला. अंगठा आणि तर्जनी जुळवून हवेतलं एक फूल खुडलं. मग दुसरं, तिसरं. मोजत ते नव्हतेच, झेंडू तोडत होते. त्या हाताचा वेग बघून केतकीचे ओठ आपोआप हलायला लागले. सर उठले आणि म्हणाले, "अशोक, ते खाली काढ."

मी कपाटावरून सिंथेसायझर उतरवला आणि गोधडी सोडली. काही पट्ट्या मुक्या झाल्या होत्या. सरांनी मागची चकती फिरवायला घेतली आणि बराच वेळ ते फिरवतच राहिले. दोन ओळी गाऊन दाखवायला कुणी नव्हतं. शेवटी एका जागी ते थांबले. त्यांनी सांडलेल्या फुलांचं गाणं वाजवलं, फक्त साथ, गळ्याची जागा रिकामी ठेवून. गाणं पळत होतं. दुसऱ्या कडव्याआधी त्यांचे हात एक मात्रा थांबले आणि मी चमकलो. ताई तिथे श्वास घेत असत. केतकीने ते सगळं टिपून घेतलं. अल्बमच्या शेवटी तेच आहे, आणि त्यावर कुणाचाही आवाज नाही. तुम्ही ऐकाल तेव्हा त्यात काहीतरी कमी आहे, असं तुम्हाला वाटेल. ते तसंच आहे.

सर, पंचाहत्तराव्या वाढदिवशी माणसाला शंभर वर्षं जगा म्हणायची रीत आहे. आम्ही सगळे तेच म्हणतो. तुमची प्रकृती चांगली राहो, गुडघे कुरकुर न करोत, केतकी आणि तिची ती बिननावाची मंडळी तुमच्या ओट्यावर गोंधळ घालत राहोत. पण माझ्या म्हणण्यात स्वार्थ आहे, तो सांगून टाकतो. ती लय आता जगात फक्त तुमच्या दोन बोटांत आहे. मी दर रविवारी अकोल्याहून येतो, तुमच्या समोर बसतो, फुलं तोडतो, आणि तुम्ही मान हलवता. समेवर येताना आता मी घाई करत नाही, मागे पडतो. मला अजून खूप वेळ लागेल, सर. तोवर थांबा.