मांडीवरचा गणपती

पेणहून रोह्याला गणपती आणताना मी मूर्ती कधी डिकीत ठेवू देत नाही, मांडीवर घेऊन बसतो. खड्ड्यांच्या काळात सगळे धक्के माझ्या पायांनी सोसले, मूर्तीला ओरखडा आला नाही. गेल्या वर्षी रस्ता नवा, काँक्रीटचा, मधे दुभाजक, आणि तरी मला चैन पडेना.

गाडी बायको चालवत होती.

"हळू घे, पुढे खड्डा आहे," मी वडखळला म्हणालो.

"होता. आता नाय."

नागोठणं मागे पडलं तरी मी सावरूनच बसलेलो. पाय आखडले, पाठ भिजली. घरी पोचेपर्यंत मूर्तीच्या तोंडावरचा रुमाल काढायचा नसतो, पण मी दर दोन मिनिटांनी तो उचलून सोंड चाचपत होतो. बायकोने दोनदा डोळे वटारले.

रोह्यात शिरलो. मी जिथे शिकवतो त्या शाळेचं कुंपण दिसलं. घर पुढच्याच वळणावर, म्हणून मी पहिल्यांदा हात सैल सोडले आणि गाडी उडाली. सकाळी निघालो तेव्हा तिथे काही नव्हतं. दिवसभरात कोणी गतिरोधक घालून गेलं होतं, त्यावर पांढरा पट्टासुद्धा नव्हता.

गणपतीचा आशीर्वादाचा हात तुटून माझ्या मांडीवर पडला.

"कुठल्या गाढवाने घातला हा?" मी ओरडलो.

बायकोने गाडी बाजूला घेतली. "पोरं रस्ता ओलांडतात म्हणून घरोघर सह्या मागत तुम्हीच फिरलात ना? अर्जावर पहिली सही तुमचीच हाय."