वर्गासाठी काढलेला घावण्यांचा व्हिडिओ

मासळीवाली बोंबलांवर पाणी मारता मारता मला म्हणाली, "काका, घराची चावी तुळशीच्या कुंडीखाली ठेवू नका हां."

माझी पिशवी हातातच राहिली. दिंडोशीला आम्ही चौथ्या माळ्यावर राहतो. ही बाई आमच्या जिन्यातसुद्धा कधी आलेली नाही.

"तुला कोणी सांगितलं?"

"तुमच्या बायकोनं."

बायकोला जाऊन वर्षही झालं नव्हतं. मी मासळीवालीवर ओरडलोच, "मेलेल्या माणसाची थट्टा करतेस?" तिनं हात पदराला पुसले, मोबाइल काढला नि माझ्यासमोर धरला. "थट्टा नाय काका. माझी सून घावणे कसे करायचे ते शोधत होती, तर ह्या दिसल्या."

आमचं स्वयंपाकघर. बिडाचा तवा. तव्यावर घावणे घालणारी माझी बायको. आणि तोंड चालूच. "माझी नात पाचवीत आसा. आवस-बापूस कामाक जातत. ह्या पोर दुपारी एकटाच घराक येता. मी देवळात गेलंय तर चावी तुळशीच्या कुंडीखाली, तेका ठावक आसा." वर नातीचं नाव, तुकडी, शाळा, सगळं सांगून टाकलेलं.

आमच्या लोकांची ही खोडच. माणूस दारात आला की पाणी द्यायच्या आधी घरातलं सगळं सांगून मोकळे. शाळेनं आजीचा पदार्थ वर्गात दाखवायला मागितला होता, नातीनं त्याचा व्हिडिओ शाळेच्या टॅबवर काढला. हिला वाटलं, पलीकडे वर्गातली पोरं बसलीत.

मुलाला सांगितलं तर म्हणतो, "शाळेच्याच चॅनलवर आहे ना? बाबा, तुम्हाला सगळीकडे चोरच दिसतो."

म्हटलं, "अंधेरीला कंपनीच्या गेटवर उभा होतो. चोर दिसण्याचाच पगार होता मला."

दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो. चौथी शिकलेला माणूस, पण बोलायला घाबरत नाही. मुख्याध्यापिका बाई गोड बोलल्या, तिथंच मला संशय आला.

"काळजी करू नका आजोबा. आता शाळेच्या टॅबवर व्हिडिओ बंदच केलेत. मुलांना काही दिसत नाही."

"पोरांना दिसत नाही आणि मासळीबाजाराला दिसतं? कडी आतून लावायची की बाहेरून, बाई?"

"तुमच्या मिसेसनी परवानगी दिली होती."

"वर्गाची दिली होती. दुनियेची नाही."

बाईंनी कॉम्प्युटरच्या सरांना बोलावलं. पोरगेलाच होता. म्हणाला, टॅबवरचं सगळं पुसलंय, चॅनलवरचा हा एवढाच राहिलाय. "काका, काढायच्या आधी तुमच्या मोबाइलवर देतो."

"मोबाइलमधून पुढे कुठं जाईल?"

"कुठं नाही जाणार."

"वर्गातूनपण जाणार नव्हता."

घरात बायकोचा आवाज दुसरा कुठं नाही. लग्नातला एक फोटो आहे, तो बोलत नाही. मी म्हटलं, एकदा पूर्ण लाव. पूर्ण बघितला. शेवटी ती नातीवर खेकसते, "बंद कर गो आता, घावणो करपतलो." व्हिडिओ तिथं थांबला.

"नक्की ना, काका? परत मिळणार नाही."

"पोरगी एकटी येते दुपारची," मी म्हटलं. "काढ."

माझ्यासमोर काढला. तरी विश्वास बसेना. अशी माणसं एक काढतात नि दुसरा ठेवतात.

संध्याकाळी नातीला कळलं. रडली नाही. भरत होती ते दप्तर खाली टाकलं फक्त.

"मी काढला होता तो. शाळेनं मला न विचारता लावला. तू मला न विचारता काढून टाकलास."

"तुझ्यासाठीच गो."

"आजी माझी पण होती."

मी तिच्या बापाचा मोबाइल तिच्या हातात दिला. म्हटलं, बघ, अजून कोणी चोरून ठेवलाय का कुठं. ती माझ्या बाजूला बसली. पटापट बोटं चालवत होती. कोणाकोणाच्या बायका, कोणाकोणाचे तवे, एकेक येत होता नि जात होता.

"नाही."

"नीट बघ."

"बघितलं, आजोबा. कुठ्ठेच नाही."

"परत बघ."

तिनं मोबाइल खाली केला नि माझ्याकडे पाहिलं. "तुला तो खरंच सापडायला नकोय?"

"तू बघ परत," मी म्हटलं.